सुरीला धार, आम्ही धारेवर

देशात असताना 'धार लावणं' हे आपलं काम असतं असं आम्हाला कधी वाटलंच नाही. धार दारावर यायची. दुपारी जरा डोळा लागतोय तोच गल्लीत हाळी ऐकू यायची, सायकल स्टँडवर चढायची, दगडाचं चाक गरगर फिरायचं, ठिणग्या उडायच्या, आणि पाच मिनिटांत विळी परत स्वयंपाकघरात. पैसे आई द्यायची. आम्ही फक्त ठिणग्या बघायचो. पुढे कोबेला बिऱ्हाड केलं तेव्हा कुकर आला, पोळपाट-लाटणं आलं, गोडा मसाला आला. धारवाला मात्र मागेच राहिला.

आम्ही राहतो तारुमीला, म्हणजे कोबेच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर. आकाशीचा तो लांबलचक झुलता पूल (१९९८ साली खुला झाला तो) आमच्या घराजवळून दिसतो आणि त्या पुलाखालच्या पाण्यातली मासळी स्टेशनजवळच्या दुकानात मिळते. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं? सावारा दिसला की आम्हाला सुरमई भेटल्यासारखं होतं, आणि ते काही उगाच नाही. दोघांचं कूळ खरोखरच एक आहे. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड चुलतभाऊ. आणि मानागात्सुओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तर आम्ही दुकानातच 'अगं, पापलेट!' म्हणून ओरडलो होतो. दुकानदारीणबाई दचकल्या होत्या.

या शहरात भारतीय पुष्कळ आहेत आणि फार जुने आहेत. पण कितानोच्या बाजूची मोत्यांच्या व्यापारासाठी आलेली मंडळी बरीचशी गुजराती जैन. १९८५ साली बांधलेलं त्यांचं सुंदर मंदिरही तिथेच आहे. तेव्हा 'मासे कापायला सुरी कोणती घेतलीत आणि धार कशानं लावता' हा प्रश्न विचारायला ती ओळख काही उपयोगाची नव्हती. मराठी घरं मोजकी, आणि त्यातली निम्मी मासे दुकानातूनच साफ करून आणणारी. आम्हीही तसंच करत होतो. अडचण एवढीच की दुकानात मासा कापतात तो त्यांच्या पद्धतीनं. डोकं उडवून, पाठीच्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवून मांसाचे दोन लांब पडदे वेगळे करतात आणि मधे काट्याचा सांगाडा उरतो. एकूण तीन भाग, म्हणून त्याला 'सान्माई-ओरोशी' म्हणतात. भाजायला, कच्चं खायला हे झकास. पण कालवणाला आडव्या, काट्यासकट तुकड्या लागतात हो! काट्याशिवाय रश्श्याला चव कुठून येणार? (जाता जाता: ते डोकं आणि सांगाडे 'आरा' या नावानं वेगळे बांधून अगदी स्वस्तात विकतात. आमची बरीच कालवणं त्यावरच झाली आहेत.)

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. आजोबा हे नाव आपलं आमचं, आपसातलं. समोर आम्ही त्यांना रीतसर आडनावाला 'सान' लावून हाक मारतो. घाऊक मासळी बाजारात त्यांची चाळीस वर्षं गेली. एका दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे फराळाचं ताट दिलं. चकली त्यांना भयंकर आवडली. पुढच्या आठवड्यात ते दारात उभे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू. उघडून पाहतो तर सुरी. जाड पाठीची, जड, पंधरा सेंटिमीटर पात्याची, लाकडी मुठीची. 'देबा' म्हणतात ती, खास मासे कापायची. स्वतः वापरलेली होती. घरी दोन होत्या, आता हातात तेवढा जोर राहिला नाही, म्हणाले. आमच्या आईचा नियम असा की सुरी कोणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, दुसऱ्यानं उचलावी. आम्ही ती दोन्ही हातांनी, वाकून घेतली. भांडण व्हायला नको होतं.

भांडण झालं नाही. पण सात-आठ महिन्यांनी जे झालं ते सांगायची लाज वाटते.

देबाची धार गेली. जाणारच, रोज मासे आणि त्यांची हाडं. आम्ही बाजारात जाऊन एक धार लावायचं यंत्र आणलं. यंत्र कसलं, प्लॅस्टिकची मूठ आणि त्यात एक खाच. खाचेत सुरी घालायची आणि चार-पाच वेळा आपल्याकडे ओढायची. 'कर्र कर्र' असा आवाज आला, काळी पूड पडली, आणि टोमॅटो खरंच कापला गेला. आम्ही खूष. दर रविवारी 'कर्र कर्र' सुरू झालं. टोमॅटो कापला जात होता, पण सावाराची कातडी काही नीट कापली जाईना. सुरी आधी घसरायची आणि मग एकदम घुसायची. मांस फाटायचं, पाणी सुटायचं, तुकड्या तव्यात मोडायच्या. आणि एका रविवारी ती घसरली ती आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यात घुसली. कोणाच्या ते विचारू नका. तीन टाके पडले. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त कापते, हे ऐकलं होतं. त्या दिवशी मोजूनही झालं.

आजोबा समाचाराला आले. अंगठा बघितला, मग म्हणाले, 'सुरी बघू.' नको ती वेळ आली. त्यांनी पातं खिडकीच्या उजेडात धरलं, एक बाजू पाहिली, उलटी करून दुसरी पाहिली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. जपानी माणूस रागावला की आवाज चढवत नाही, श्वास आत ओढतो. तो आवाज आम्हाला ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, 'मागच्या बाजूला धार कोणी लावली?'

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमची सगळी चूक या एका प्रश्नात आहे. आपल्या घरातली साधी सुरी दोन्ही बाजूंनी उतरती असते, टोकाशी इंग्रजी 'व्ही'सारखी. देबा तशी नाही. तिची एकच बाजू उतरती, दुसरी सपाट, किंबहुना किंचित आत गेलेली, उथळ बशीसारखी. तिला 'उरा' म्हणतात. ती आत गेलेली असते म्हणून मासा पात्याला चिकटत नाही आणि काट्याला लागून सुरी सरळ जाते. शिवाय पातं दोन थरांचं. एका बाजूला मऊ लोखंड आणि मागे पातळ कडक पोलाद. धार धरतं ते पोलाद. मऊ लोखंड आहे म्हणून पातं तुटत नाही आणि दगडावर लवकर झिजवता येतं. आमचं खाचेचं यंत्र दोन्ही बाजूंनी सारखं खरवडतं. म्हणजे आम्ही दर रविवारी मागच्या सपाट बाजूला एक नवा उतार पाडत होतो, आणि तोही त्या मोलाच्या पोलादातूनच. पुढच्या बाजूचा उतार पसरट, त्याच्या टोकाला यंत्रानं दिलेला आखूड बोथट उतार. वर पोलाद कडक असल्यामुळे धारेला बारीक दाते पडले होते, करवतीसारखे. टोमॅटो कापला जायचा तो या दात्यांनी. धार नव्हतीच ती.

तेव्हा तुमच्याकडे सुरी कोणती आहे ते आधी बघा आणि मग धार लावायला काय घ्यायचं ते ठरवा. आम्ही उलट क्रमानं गेलो. सुपरमार्केटातली स्टेनलेसची, दोन्ही बाजूंनी उतरती सुरी असेल ('सान्तोकु' म्हणून मिळते ती, बहुतेक मराठी घरांत तीच आहे), तर खाचेचं किंवा पाणी घालून फिरणाऱ्या चाकांचं यंत्र चालेल. धार फार सुरेख येणार नाही, लवकर जाईल, पण कांदे-बटाट्यांचं काही अडणार नाही. अमेरिकेतून किंवा युरोपातून येताना लांब, पातळ, लवचीक 'फिले'ची सुरी आणली असेल तर तिचं पोलाद जरा मऊ असतं. तिला लोखंडी किंवा चिनी मातीची दांडी चालते. वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी चार-चार हलके हात मारायचे. पण ही दांडी धार नव्यानं काढत नाही, वळलेली कड सरळ करते. धार पार गेली की दगडाला पर्याय नाही, आणि हे लवचीक पातं दगडावर वाकतं म्हणून दोन बोटांचा आधार अगदी धारेजवळ, दगडाच्या वरच ठेवावा लागतो. जपानी कडक पोलादाच्या सुरीला लोखंडी दांडी लावू नका. तिच्या धारेचे टवके उडतात. विजेची यंत्रं आम्ही वापरलेली नाहीत. आजोबांना विचारलं तर ते नुसते हसले. आणि एका बाजूच्या सुरीला, म्हणजे देबा किंवा साशिमी कापायच्या लांब यानागिबाला, दगड. फक्त दगड.

दगड किती घ्यायचे? दुकानात गेलात तर आकड्यांनी गोंधळून जाल. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. दोनशे-चारशेचा भरड दगड टवके उडालेल्या सुरीसाठी, हजाराच्या आसपासचा मधला, तीन हजारांच्या पुढचे शेवटच्या सफाईचे. आमचं मत असं की एकच घ्यायचा असेल तर हजाराचा घ्यावा. तीनेक हजार येनच्या आसपास चांगला मिळतो, आणि घरच्या कामाला तो वर्षानुवर्षं पुरतो. बारीक दगड पुढे कधीतरी, हौस म्हणून.

आमच्या देबाला मात्र भरड दगडापासून सुरुवात करावी लागली. 'मी करून देतो' असं आजोबा म्हणतील अशी आशा होती. ते म्हणाले, 'तुम्ही करा. मी बसतो.' तीन रविवार ते आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते.

पहिला धडा पाण्याचा. दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. (सफाईचे काही बारीक दगड बुडवायचे नसतात, नुसतं वरून पाणी शिंपडायचं. दगडाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.) खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही. मग सुरीचा उतार दगडावर असा टेकवायचा की तो पुरता बसला पाहिजे. देबाला कोन शोधावा लागत नाही, तिच्या उतारातच तो घडवलेला आहे. दोन्ही बाजूंच्या साध्या सुरीला मात्र शोधावा लागतो, साधारण पंधरा अंश. त्याची इथली युक्ती छान आहे: सुरीच्या पाठीखाली दहा येनची दोन-तीन नाणी मावतील एवढी पाठ उचलायची. डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, धारेजवळ, आणि लांब, सावकाश हात. जोर एकाच दिशेला, परतताना हलका. टोकापासून मुठीकडे थोडं थोडं सरकत जायचं.

घासायला लागलो की दगडावर राखी चिखल जमतो. आम्ही टापटिपीनं तो धुऊन टाकला. आजोबा स्टुलावरून उठलेच! तो चिखलच धार लावतो, दगड नव्हे, असं म्हणाले. आणि आम्हाला एकदम लहानपणची सहाण आठवली. सहाणेवर चंदन उगाळताना पाणी किती? चार थेंब. जास्त घातलं की गंध वाहून जातं आणि आजी ओरडते. तोच दगड, तेच पाणी, तीच हाताची लय. शब्दकोशात पाहिलं तर धार लावायच्या दगडालाही मराठीत सहाण म्हणतात, आणि निसणा असाही एक शब्द आहे. शब्द आपल्याकडे होते, दगडही होता. हात तेवढा आम्ही कधी लावला नव्हता.

किती वेळ घासायचं याचं उत्तर घड्याळ देत नाही, बोट देतं. एका बाजूनं पुरेसं घासलं की धारेच्या पलीकडच्या बाजूला अगदी बारीक खरखरीत कड उभी राहते. बोटानं पाठीकडून धारेकडे अलगद चाचपलं (धारेच्या लांबीवरून बोट फिरवायचं नाही, सांगून ठेवतो) तर ती लागते. तिला 'काएरी' म्हणतात, म्हणजे परत आलेली. ही कड टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली पाहिजे. जिथे लागत नाही तिथे अजून धार पोचलेली नाही. मग सुरी उलटायची, मागची बाजू दगडावर अगदी सपाट, नाण्याचीही उचल नाही, आणि दोन-चार हलके हात. कड निघून जाते. राहिलेली साहिल तर घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पुसल्यासारखी दोन-तीनदा ओढायची. झालं. धुवायची, पुसायची, कोरडी करायची. हे काम आदल्या रात्री करावं, कारण नुकत्याच घासलेल्या सुरीला लोखंडाचा वास असतो आणि तो माशाला लागतो.

आम्ही पाडलेला मागचा उतार जायला तीन रविवार लागले. पुढची बाजू एवढी झिजवायची की ती चूक आहे तिथपर्यंतचं पातंच संपावं. तिसऱ्या रविवारी मोजलं, रुंदी जवळजवळ दोन मिलिमीटरनं कमी झाली होती. 'म्हणजे किती वर्षांची धार गेली?' असं आम्ही विचारलं. आजोबांनी डोळे बारीक करून हिशेब केला आणि म्हणाले, 'मी वापरली असती तर पाच. तुम्ही वापरली असती तर दहा. तुम्हाला मासे कापायला वेळ लागतो.'

मग आम्हाला नादच लागला. शिन-कोबे स्टेशनजवळ ताकेनाका सुतारकाम-हत्यारांचं संग्रहालय आहे. १९८४ साली सुरू झालं, आत्ताच्या जागी २०१४ साली आलं. पाहुणे आले की आपण त्यांना नुनोबिकीचा धबधबा दाखवतो, तो तिथून दोन पावलांवर, पण संग्रहालयात कोणी शिरत नाही. जरूर शिरा. रंधे, करवती, पटाशा यांना धार लावण्यावर माणसानं किती जीव टाकला आहे ते बघून आपली मान आपोआप खाली जाते. आणखी एक रविवार मिकीला गेलो. कोबेहून शिनतेत्सुच्या गाडीनं डोंगर चढत जायचं. गाव हत्यारांचं. १५७८ ते १५८० अशी दोन वर्षं हिदेयोशीनं इथल्या किल्ल्याला वेढा घातला, रसद तोडली, गाव उपाशी मारलं. पुढे गाव पुन्हा उभं करायला सुतार आले, सुतारांमागून लोहार आले, आणि लोहार राहिले, अशी तिथली हकीगत सांगतात. स्वयंपाकाच्या सुऱ्यांचं मोठं गाव मात्र ओसाकापलीकडचं साकाई. तिथे पातं ठोकणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. धार काढणं हा एक संपूर्ण व्यवसाय, पोटभर, पिढीजात. आपल्याकडच्या शिकलगारांसारखा.

मिकीहून एक गंमतही घेऊन आलो. हल्लीच्या पुष्कळशा दगडांत अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, असं दुकानदारानं सांगितलं. घरी येऊन पाहिलं, म्हणजे आपला कुरुंद. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही दक्षिण भारतातूनच तिकडे गेला. गल्लीतल्या ठिणग्या कुरुंदाच्याच चाकावर उडत असणार! फक्त ते चाक कोरडं आणि भरधाव. ठिणगी उडते म्हणजे पोलाद तापतं, आणि फार तापलं तर त्याचा कडकपणा जातो, हे आता कळलं. आजोबांना ठिणग्यांचं वर्णन सांगितलं तेव्हा त्यांनी परत एकदा श्वास आत ओढला.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. दगड वापरून वापरून मधे खोलगट होतो, सहाणेसारखाच. खोलगट दगडावर सरळ धार येत नाही, तेव्हा तो सपाट करायचा दगड मिळतो तो आणा, किंवा काचेवर पॉलिश पेपर अंथरून घासा. ओला दगड उन्हात वाळवू नका, तडकतो. लोखंडी सुरी ओली राहिली की तासाभरात गंजते, आणि चिंच-कोकमाचा हात लागला तर विचारूच नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर त्सुबाकीच्या तेलाचं बोट फिरवा. सुरी धार लावायला दुकानात न्यायची असेल तर नीट गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि परस्पर दुकान-घर करा. सहा सेंटिमीटरहून लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे. आणि सुऱ्या भिंतीवर, उघड्यावर लटकवू नका. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी आजोबांच्या भिंतीवरच्या सहा सुऱ्या एकदम अंधारात उडाल्या. त्यांना त्या दिसल्या नाहीत, फक्त आवाज ऐकू आले. उजाडेपर्यंत ते अनवाणी, एका जागी उभे होते. तेव्हापासून त्यांच्या सुऱ्या ओट्याखालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या खणात असतात. आमच्याही.

मागच्या वसंतात आई आली. सामानात, साड्यांच्या घडीत, तिची मासळीची विळी. 'तुमच्या त्या सुरीनं मला कापता यायचं नाही' हे तिनं फोनवरच सांगितलं होतं. सावाराचे दिवस होते. त्याच्या चिनी-जपानी अक्षरातच मासा आणि वसंत आहेत. आईनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, विळीवर पाय ठेवला आणि म्हणाली, 'अरे, हिला धारच नाही!' आम्ही ऐटीत दगड भिजत घातला. पण विळीचं वळणदार पातं दगडावर टेकेचना. पाट आडवा येतो, वळण आडवं येतं. शेवटी आजोबांना बोलावलं. त्यांनी विळी सगळ्या बाजूंनी पाहिली, आईला ती कशी धरतात ते करून दाखवायला लावलं. इथे मासा स्थिर आणि सुरी फिरते, आमच्याकडे पातं स्थिर आणि मासा फिरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. मग घरी जाऊन दगडाचा एक छोटा तुकडा घेऊन आले, विळी आईच्याच पायाखाली राहू दिली, आणि समोर मांडी घालून पात्यावरून दगड फिरवू लागले. आई मराठीत सूचना देत होती, ते जपानीत 'हो, हो' म्हणत होते. मधेच आईनं त्यांचा हात थांबवला आणि वाटीतल्या पाण्याचे चार थेंब स्वतः टाकले.

दुपारी सावाराच्या तुकड्या पडल्या, आडव्या, काट्यासकट. डोकं कालवणात गेलं. आजोबा जेवायला थांबले आणि काट्याबद्दल तक्रार न करता दोनदा रस्सा घेतला. जाताना आईनं त्यांना विळी दाखवून खुणेनंच विचारलं, पुढच्या वर्षी? ते म्हणाले, पात्याला अजून पुष्कळ आयुष्य आहे, फक्त ते खाचेचं यंत्र हिच्या जवळ नेऊ नका.